छातीत टोचतं म्हणून घाबरलात, पण 150/95 ला घाबरला नाहीत

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वय 46. गेले चार महिने छातीत डाव्या बाजूला मधूनच टोचतं आणि दोन-चार सेकंदांत थांबतं. रात्री आडवं झालं की धडधड जाणवते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटतो. ईसीजी दोनदा काढला, टूडी इको केला, दोन्ही नॉर्मल आले. वडिलांना 52 व्या वर्षी हार्ट अटॅक आला होता, त्यामुळे भीती जात नाही आणि एकदाची अँजिओग्राफी करून सोक्षमोक्ष लावावा असं वाटतं. मग शेवटी, जाता जाता, दोन वाक्यं: बीपी 150/95 च्या आसपास येतं पण त्रास काहीच नाही, आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, 168 आहे. डॉक्टरांनी स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी, गोळी लिहून दिली, पण ती एकदा सुरू केली की जन्मभर घ्यावी लागते, लिव्हर आणि किडनी खराब होते असं ऐकलं, म्हणून चिठ्ठी अजून तशीच आहे.

मला काळजी वाटली ती त्या शेवटच्या दोन वाक्यांची. पंचवीस वर्षांहून जास्त काळ हृदयाचे पेशंट बघतोय आणि हे उलटं गणित जवळजवळ रोज समोर येतं. जे टोचतं ते बहुतेक वेळा हृदयाचं नसतं. जे हृदयाला खरोखर पोखरत असतं ते अजिबात दुखत नाही, म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. तरीही आधी दुखण्याबद्दल बोलू, कारण ती शंका मनातून गेल्याशिवाय बाकीचं तुमच्या कानात शिरणार नाही.

पेशंट खुर्चीत बसला की मी पहिल्यांदा म्हणतो, कुठे दुखतं ते हाताने दाखवा. एखादा माणूस एका बोटाने नेमका बिंदू दाखवतो, स्तनाग्राच्या थोडं खाली, 'इथे, बरोब्बर इथे.' मी तिथे अंगठ्याने जरा दाबलं तर तो कळवळतो. दुसरा माणूस मूठ आवळून छातीच्या मधोमध ठेवतो किंवा पूर्ण पंजा छातीवरून फिरवतो आणि म्हणतो, 'दुखत नाही हो, पण काहीतरी दडपल्यासारखं होतं.' या दुसऱ्या माणसाची मला जास्त काळजी वाटते, 'दुखत नाही' म्हणत असला तरी. हृदयाच्या स्नायूला रक्त कमी पडतं तेव्हा टोचत नाही. छाती आवळल्यासारखी होते, ओझं ठेवल्यासारखं वाटतं, जळजळतं, कधी ते डाव्या हातात, जबड्यात, गळ्यात, पाठीत किंवा पोटाच्या वरच्या भागात उतरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याचा श्रमाशी संबंध असतो. चालताना, चढ चढताना, जेवणानंतर घाईने निघाल्यावर ते येतं आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरतं.

हे वर्णन आजचं नाही. विल्यम हेबर्डन या इंग्लिश वैद्याने 1768 मध्ये ते मांडलं होतं: चालताना, विशेषतः चढावर आणि जेवल्यानंतर, छातीत अत्यंत त्रासदायक जाणीव होते आणि माणूस उभा राहिला की ती जाते. तेव्हा ईसीजी नव्हता, इको नव्हता. नुसतं पेशंटचं म्हणणं नीट ऐकून त्याने आजार ओळखला, आणि अडीचशे वर्षांनंतरही अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडल्याने होणाऱ्या या त्रासाचं, निदान आम्ही मुख्यतः त्याच प्रश्नांवर करतो. तुमचं टोचणं काही सेकंदांचं, बोटाने दाखवण्यासारखं. तुम्ही लिहिलंय की रोज अर्धा तास भरभर चालता आणि तेव्हा काही होत नाही. एवढ्यावरून हे दुखणं हृदयाचं असण्याची शक्यता फारच कमी आहे. बरगड्यांचे स्नायू, बरगडी आणि छातीच्या मधल्या हाडाचा सांधा, अन्ननलिकेतली आम्लता, मानेतून येणाऱ्या नसा, यांपैकी काहीतरी असणार.

'फारच कमी' म्हटलं, 'शून्य' म्हटलं नाही. मधुमेह असलेल्यांत, बायकांत आणि वय झालेल्यांत हृदय अनेकदा छातीतून बोलतच नाही. नुसती धाप लागते, न सांगता येणारा थकवा येतो, मळमळतं, दरदरून घाम फुटतो. साठीच्या एक बाई आल्या होत्या, मधुमेह जुना. त्यांची तक्रार दातांची. खालच्या जबड्यात डावीकडे ठणकायचं. दात तपासून झाले, एक्स-रे झाला, काही सापडेना. मी विचारलं, दुखतं कधी? त्या जरा थांबल्या, मग म्हणाल्या, 'जिना चढताना. वर पोचून बसले की राहतं.' दात काही जिना चढताना दुखत नाही. त्यांच्या तीनही रक्तवाहिन्या बऱ्याच अरुंद झालेल्या निघाल्या. म्हणून जागा कुठलीही असो, श्रमाने येतं आणि विश्रांतीने जातं असं काहीही असेल तर ते हृदयाचं मानूनच तपासायचं.

आणि तो 'गॅस'. या शब्दाने जितके जीव घेतले असतील तितके फार थोड्या शब्दांनी घेतले असतील. पहाटे चारला छाती भरून आली, घाम आला, आम्लपित्ताची गोळी घेतली, ढेकर आला, जरा बरं वाटलं, पुन्हा सुरू झालं, पुन्हा गोळी. असे पेशंट दुपारी अकरा-बाराला पोचतात. तोवर त्या रक्तवाहिनीवर पोसणाऱ्या स्नायूचा मोठा भाग मेलेला असतो आणि मेलेला स्नायू परत येत नाही. ढेकर येऊन बरं वाटलं म्हणजे हृदयाचं नव्हतं असं सिद्ध होत नाही. बसलेल्या जागी छातीवर दडपण आलं, पंधरा-वीस मिनिटं टिकलं, सोबत घाम, मळमळ, धाप किंवा डोळ्यांपुढे अंधारी असेल तर विचार करत बसायचं नाही. खरं तर घामासकट आलेल्या दडपणाला पंधरा मिनिटांचीही मुदत देऊ नका. रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका. जिने चढू-उतरू नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी नसेल, अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधारण 300 मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन चावून खा. गिळण्यापेक्षा चावल्याने ती लवकर लागू पडते. जिभेखाली ठेवायची गोळी शेजाऱ्याची उसनी घेऊ नका. बीपी आधीच कमी असेल किंवा लैंगिक ताकदीची गोळी घेतलेली असेल तर ती गोळी बीपी एकदम पाडते. आणि जोरजोरात खोकल्याने अटॅक टळतो हा मोबाइलवर फिरणारा संदेश खोटा आहे. खोकत बसण्यात गेलेली मिनिटं स्नायूच्या हिशोबातून जातात.

आता तुमचे नॉर्मल रिपोर्ट. त्यांनी तुमचं समाधान झालं नाही, आणि एका अर्थाने ते बरोबरच आहे, कारण ते रिपोर्ट काय सांगतात आणि काय सांगत नाहीत हे तुम्हाला कोणी समजावलेलं दिसत नाही. ईसीजी म्हणजे साधारण दहा सेकंदांची विजेची नोंद. त्या दहा सेकंदांत हृदयाच्या तालात, विजेच्या वाटेत किंवा स्नायूत काही बिघाड असेल तर दिसतो. पण रस्ता अरुंद झाला आहे की नाही ते गर्दीच्या वेळी कळतं, पहाटेच्या शुकशुकाटात कळत नाही. 70 टक्के अरुंद झालेली रक्तवाहिनीसुद्धा तुम्ही टेबलावर शांत पडलेले असताना स्नायूला पुरेसं रक्त पोचवू शकते आणि ईसीजी स्वच्छ येतो. अटॅकच्या सुरुवातीलाही कधी कधी ईसीजी नॉर्मल असतो. म्हणून छातीत दुखत असताना आलेल्या पेशंटचा ईसीजी आम्ही थोड्या थोड्या वेळाने पुन्हा काढतो आणि रक्तातलं ट्रॉपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की वाढणारं प्रथिन) काही तासांच्या अंतराने दोनदा बघतो. 'पहिला ईसीजी नॉर्मल आहे, घरी जा' हे पुरेसं उत्तर नाही.

इकोमध्ये दिसतात ते हृदयाचे कप्पे, झडपा आणि पंपिंग. तुमच्या रिपोर्टवर इजेक्शन फ्रॅक्शन 60 टक्के लिहिलंय आणि त्यावर तुम्ही विचारलंत की 40 टक्के हृदय बंद आहे का. हा प्रश्न बरेच जण मनात ठेवून रात्रभर जागतात, तुम्ही विचारलात हे चांगलं केलंत. हृदय दर ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही, निरोगी हृदयही साधारण 55 ते 70 टक्केच टाकतं. तेव्हा 60 म्हणजे उत्तम. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या, तीन-चार मिलिमीटर जाडीच्या रक्तवाहिन्यांतलं ब्लॉकेज साध्या इकोत दिसत नाही. ते बघायला श्रमाच्या वेळी हृदय तपासणारी स्ट्रेस टेस्ट, सीटी अँजिओग्राफी किंवा नेहमीची अँजिओग्राफी लागते.

मग करून टाकावी का अँजिओग्राफी? माझं मत, नाही. ज्या दुखण्यासाठी ती करायची ते दुखणंच हृदयाचं वाटत नाही. धोका कमी असला तरी ती मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून करायची तपासणी आहे, समाधानासाठी करायची गोष्ट नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. समजा केली आणि एका ठिकाणी 30 टक्के ब्लॉकेज निघालं. उपचार काय? स्टेंट घालायचा प्रश्नच नाही. उपचार तीच गोळी, जी आत्ता चिठ्ठीवर लिहून तुमच्याकडे पडून आहे, आणि बीपीवर नियंत्रण. समजा अगदी स्वच्छ निघाली. तर तुम्ही ती चिठ्ठी फाडून टाकाल, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटते.

कारण बरेचसे अटॅक 90 टक्के बंद झालेल्या जागी येत नाहीत. रक्तवाहिनीच्या अस्तराखाली चरबीचा मऊ थर साठलेला असतो, त्याने वाट फारशी अडलेली नसते, त्यामुळे श्रमातही त्रास होत नाही. एक दिवस त्या थरावरची पातळ साय फाटते, तिथे रक्त गोठतं आणि काही मिनिटांत वाट पूर्ण बंद होते. आदल्या आठवड्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आलेल्या माणसाला अटॅक कसा येतो, त्याचं उत्तर हे आहे. तो थर साठू न देणं आणि साठलेल्या थरावरची साय घट्ट करणं, हे काम स्टेंट करत नाही. कोलेस्टेरॉलची गोळी, बीपीचं नियंत्रण आणि तंबाखू सोडणं हे काम करतात. 2020 मध्ये इस्केमिया नावाच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. पाच हजारांहून जास्त पेशंट, सगळ्यांच्या तपासणीत रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी असल्याचं दिसलेलं, पण आजार स्थिर. अर्ध्यांना औषधांसोबत लगेच अँजिओग्राफी आणि गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास, बाकीच्यांना सुरुवातीला फक्त औषधं. काही वर्षांनी बघितलं तर मृत्यू आणि अटॅक यांत म्हणण्यासारखा फरक पडला नव्हता. ज्यांना अंजायनाचा त्रास होता त्यांना स्टेंट-बायपासने जास्त आराम मिळाला, हेही तितकंच खरं. आणि हे स्थिर आजाराबद्दल आहे. अटॅक चालू असताना रक्तवाहिनी ताबडतोब उघडणं जीव वाचवतं, तिथे कुठलाही वाद नाही.

धडधडीबद्दल. तुम्ही लिहिलंत, 'एक ठोका चुकतो आणि मग छातीत धाडकन आपटतं.' हे एक्टोपिक ठोक्याचं अगदी चपखल वर्णन आहे. एखादा ठोका वेळेआधी पडतो, तो इतका लवकर पडतो की जाणवत नाही. मग क्षणभर विश्रांती. तेवढ्यात हृदयात जास्त रक्त भरतं आणि पुढचा ठोका जोरात पडतो. तुम्हाला जाणवते ती मधली पोकळी आणि तो जोराचा ठोका. असे ठोके निरोगी माणसांतही पडतात. दिवसभर कामात कळत नाहीत, रात्री डाव्या कुशीवर शांत पडलं की जाणवतात. जागरण, जास्त कॉफी, मद्य, ताप, ताण यांनी वाढतात. थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या. रोज होत असेल तर 24 तासांची होल्टर नोंद, म्हणजे अंगावर छोटं यंत्र लावून सलग ईसीजी, करता येईल. इको नॉर्मल असताना अधूनमधून पडणाऱ्या अशा ठोक्यांना बहुधा औषध लागत नाही.

पण पुढच्या वेळी धडधडलं की एक करा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर तीन बोटं ठेवा आणि नाडी बघा. ताल ठरलेला आहे आणि मध्ये एखादा ठोका गळतो, की तालाला कसला धरबंदच नाही, प्रत्येक ठोका वेगळ्याच अंतरावर? दुसरा प्रकार असेल तर ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात गुठळी होऊन ती मेंदूत जाण्याचा धोका असतो, पक्षाघाताची शक्यता सुमारे पाचपट होते, आणि त्यासाठी रक्त पातळ करणारं औषध लागू शकतं. तसं वाटलं तर धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्या. थांबल्यावर काढलेला ईसीजी पुन्हा नॉर्मलच येईल. धडधडीसोबत शुद्ध हरपली, श्रम करताना धडधड होऊन चक्कर आली, किंवा घरात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल तर मात्र हे लगेच हृदयतज्ज्ञाला दाखवायचं.

आता 150/95. 'त्रास काहीच नाही' असं तुम्ही लिहिलंत. बीपीचा त्रास होत नाहीच. डोकं दुखणं, चक्कर, राग यांचा बीपीशी लावलेला संबंध बहुतेक वेळा चुकीचा असतो. वाढलेला दाब वर्षानुवर्षं रक्तवाहिन्यांचं अस्तर घासत राहतो, हृदयाचा डावा कप्पा जाड करतो, किडनीच्या गाळण्या निकामी करतो, आणि हे सगळं मुकाट्याने. तुम्हाला किडनीची काळजी आहे ना? मग ती गोळीच्या आधी या आकड्याची करा. डायलिसिसवर पोचणाऱ्यांत मधुमेहाखालोखाल मोठा वाटा उच्च रक्तदाबाचा असतो.

अर्थात आधी तो आकडा खरा आहे का ते बघू. दवाखान्यात बीपी कसं मोजलं जातं ते मी बघत असतो: पेशंट घाईघाईत आत येतो, बसतो न बसतो तोच शर्टाच्या बाहीवरून पट्टा गुंडाळला जातो, हात लोंबकळतोय, पाय अधांतरी, आणि मशीन चालू असताना गप्पाही चालू. अशा मोजणीत आकडा दहा-पंधराने सहज चढतो. तुम्ही घरी मोजा. दंडाचं मशीन घ्या, मनगटाचं नको. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, लहान पट्टा जास्त आकडा दाखवतो. अर्धा तास आधी चहा, कॉफी, सिगरेट, व्यायाम काही नको. लघवीला जाऊन या. पाठ टेकून, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसा, हात टेबलावर हृदयाच्या पातळीला ठेवा. मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा. सकाळी आणि संध्याकाळी, सात दिवस. पहिल्या दिवशीचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी 135/85 किंवा त्याहून जास्त असेल तर तो उच्च रक्तदाबच, दवाखान्याच्या भीतीने चढलेला आकडा म्हणून सोडून देता येणार नाही. सुरुवातीला एकदा दोन्ही हातांचं मोजा आणि ज्या हाताचं जास्त येईल तोच हात पुढे वापरा.

बीपी वाढवणाऱ्या दोन गोष्टी पेशंट स्वतःहून कधीच सांगत नाहीत, म्हणून विचारतो. पाठ-गुडघ्यासाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा वेदनाशामक गोळ्या नेहमी घेता का? त्या बीपी चढवतात आणि बीपीच्या औषधाचा असर कमी करतात. आणि रात्री घोरता का, घोरता घोरता श्वास अडकून दचकून जागे होता का, दिवसा पेंग येते का? हे तुमच्या पत्नीला विचारा, तुम्हाला स्वतःला कळणार नाही. झोपेत श्वास अडकण्याचा आजार असेल तर त्यावर उपचार केल्याशिवाय बीपी नीट आटोक्यात येत नाही, आणि रात्रीची धडधडही त्यातून येऊ शकते.

मीठ दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे सगळ्या जेवणाखाणातलं मिळून एक सपाट चमचा. पाकीटबंद पदार्थांतलं धरून. वजन जास्त असेल तर चार-पाच किलो उतरलं तरी आकड्यात फरक दिसतो. पण 150/95 खरोखर टिकून असेल, वडिलांचा इतिहास असा असेल, तर मी गोळी सुरू करायला महिनोन्‌महिने थांबणार नाही. 'सवय लागते' हा शब्द सोडा. चष्म्याची सवय लागत नाही, चष्मा काढला की पूर्वीसारखंच अंधुक दिसतं, इतकंच. अ‍ॅम्लोडिपिनने काहींच्या घोट्यांना सूज येते, रॅमिप्रिलसारख्या गोळ्यांनी काहींना कोरडा खोकला येतो. तसं झालं तर गोळी बदलून मिळते. मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि ती न घेतलेली चिठ्ठी. स्टॅटिनची सुरुवात अकिरा एंडो या जपानी शास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात एका बुरशीतून केली. 1987 मध्ये पहिली स्टॅटिन बाजारात आली. 1994 मध्ये 4444 हृदयरोग्यांवरच्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी कमी झाले. त्यानंतरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या तर एलडीएल दर 39 मिलिग्रॅमने उतरवलं की अटॅक, पक्षाघात अशा मोठ्या घटना साधारण एक पंचमांशाने कमी होतात. प्रामाणिकपणे सांगायचं तर 1994 च्या त्या पेशंटना हृदयरोग आधीच होता, तुम्हाला झालेला नाही, त्यामुळे पुढच्या दोन-चार वर्षांत तुम्हाला मिळणारा फायदा त्यांच्याइतका मोठा नसेल. पण एलडीएलचं नुकसान सिगरेटसारखं साठत जातं. किती आहे आणि किती वर्षं आहे, दोन्ही मोजायचं. 46 व्या वर्षी 168, वडिलांना 55 च्या आत अटॅक, वरून बीपी. तुमच्या जागी माझा भाऊ असता तर त्याला मी गोळी सुरू करायला सांगितली असती.

भीतीबद्दल एकेक सांगतो. लिव्हर: शंभरातल्या एखाद्याच्या एन्झाइम्स लक्षात येण्याइतक्या वाढतात आणि गोळी थांबवली की उतरतात. लिव्हर खरोखर निकामी होणं अत्यंत दुर्मीळ. किडनी: नेहमीच्या मात्रेत स्टॅटिनने किडनी खराब होत नाही, उलट किडनीच्या आजारात हृदय जपायला ती देतात. साखर: थोडी वाढू शकते, आणि जे आधीच मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत ते थोडे लवकर पलीकडे जातात. म्हणून एचबीए1सी, म्हणजे साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर, बघत राहायचं. अंग दुखणं: काहींना खरंच होतं. पण 2020 मध्ये एक सुंदर छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. अंगदुखी आणि अशाच त्रासांमुळे स्टॅटिन सोडलेल्या 60 जणांना काही महिने स्टॅटिन, काही महिने तशीच दिसणारी औषध नसलेली गोळी आणि काही महिने काहीच नाही, असं आळीपाळीने दिलं. स्टॅटिनवर जो त्रास झाला त्यातला सुमारे 90 टक्के त्रास औषध नसलेल्या गोळीवरही झाला. त्रास खरा होता, पण त्यातला बहुतेक भाग गोळीतल्या औषधाचा नव्हता. तुम्हाला त्रास झालाच तर मात्रा कमी करता येते, दुसरी स्टॅटिन देता येते, इझेटिमाइब ही कोलेस्टेरॉलची वेगळ्या प्रकारची गोळी आहे. स्नायू प्रचंड दुखले आणि लघवी गडद तपकिरी झाली तर मात्र गोळी थांबवून त्याच दिवशी दाखवा. ते फार क्वचित होतं.

तरीही मन तयार होत नसेल तर त्यासाठी एक तपासणी आहे. कॅल्शियम स्कोअर: सीटीवर रक्तवाहिन्यांतला चुना मोजतात, इंजेक्शन नाही, नळी नाही. तुमच्या वयात स्कोअर शून्याहून जास्त आला तर गोळीबद्दल वाद संपतो. शून्य आला तरी बीपीचा प्रश्न उरतोच, आणि मऊ थर त्यात दिसत नाही हे लक्षात ठेवा. शिवाय लायपोप्रोटीन(ए), म्हणजे एलडीएलसारखाच रक्तातला चरबीचा कण, आयुष्यात एकदा तपासा. ते आनुवंशिक असतं, आहाराने फारसं हलत नाही, आणि वडिलांना इतक्या लवकर अटॅक का आला याचं उत्तर कधी कधी तिथे सापडतं. ते जास्त निघालं तर तुमच्या भावंडांनाही सांगावं लागेल.

प्रतिबंधासाठी रोज अ‍ॅस्पिरिन घेऊ का, असंही तुम्ही विचारलं होतं. नका घेऊ. 2018 मध्ये तीन मोठ्या चाचण्यांत दिसलं की हृदयरोग नसलेल्यांत होणारा थोडाफार फायदा रक्तस्रावाच्या धोक्याने खाऊन टाकला जातो. स्टेंट झालेल्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. त्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या दात काढायचा म्हणूनसुद्धा हृदयतज्ज्ञाला विचारल्याशिवाय एक दिवसही बंद करू नयेत.

तंबाखूबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. ओढत किंवा चघळत असाल तर वरच्या सगळ्याच्या आधी तिथून सुरुवात करा. सिगरेट सोडून एक वर्ष झालं की हृदयविकाराचा जादा धोका सुमारे निम्म्यावर येतो. एवढं देणारी गोळी माझ्याकडे नाही.

वडिलांना अटॅक आला तेव्हा तुम्ही किती वर्षांचे होता ते तुम्ही लिहिलं नाही, पण अंदाज करता येतो. स्वतःचं वय वडिलांच्या त्या वयाच्या जवळ येऊ लागलं की छातीतली प्रत्येक हालचाल ऐकू यायला लागते. माझ्यासमोर अशी माणसं खूप बसतात आणि त्यांचं टोचणं खोटं नसतं. घाबरल्यावर श्वास उथळ होतो, छातीचे स्नायू आखडतात, मग पुन्हा टोचतं. हे आपोआप थांबेल अशी वाट बघत एकट्याने जागू नका. झोप उडाली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

रोजचं चालणं भीतीने बंद करू नका. ज्या दुखण्याचं वर्णन तुम्ही केलंत त्यासाठी चालणं थांबवायचं काही कारण नाही. सात दिवसांचे बीपीचे आकडे, उपाशीपोटी केलेला लिपिड प्रोफाइल, एचबीए1सी, क्रिएटिनीन, पोटॅशियम, थायरॉइड आणि लघवीतलं प्रोटीन, एवढं घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा. ती जुनी चिठ्ठीही न्या आणि का घेतली नाही ते त्यांना स्पष्ट सांगा, लपवू नका. एक छोटी वही ठेवा. टोचलं की लिहा: किती वाजता, काय करत होता, किती सेकंद. चालताना छातीवर दडपण आलं आणि थांबल्यावर गेलं, असं एकदाही झालं तर वहीत लिहून वाट बघू नका, त्याच दिवशी दाखवा. आणि बसल्या जागी आलं आणि जाईना, तर काय करायचं ते वर लिहिलंय. ते घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा, कारण त्या वेळी निर्णय बहुधा त्यांनाच घ्यावा लागेल.